वैयक्तिक चातुर्मास : संकल्प, कृती आणि उद्यापन

सदर मार्गदर्शिका पन्नाशीच्या आसपासच्या, हिंडत्या-फिरत्या आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेल्या व्यक्तींसाठी आहे. आजारी माणसांनी ती वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. त्यांना विश्रांती आपोआप मिळते, वर शहाळीही येतात. पंचाईत होते ती धडधाकट माणसाची. प्रस्तुत लेखिकेने हे व्रत २०२३ साली स्वतः केलेलं असल्यामुळे खालील सर्व सूचना अनुभवसिद्ध आहेत.

शास्त्राधार

आधी आधार गोळा करावेत, कारण ते विचारले जाणार. आषाढ शुद्ध एकादशीला साक्षात विष्णू झोपी जातात ते कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात, आणि तोवर लग्नाचे मुहूर्तसुद्धा थांबतात. बौद्ध भिक्खू पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहतात. पावसात हिंडणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवी पिकं आणि बारीकसारीक जीव चिरडले जातात, अशी लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी वर्षावासाचा नियम घातला. म्हणजे लोकच म्हणाले, आता बसा. असे लोक हल्ली मिळत नाहीत. आपल्या समुद्रालाही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीपासून सुट्टी असते, तीही सरकारी आदेशाने. तो माशांचा विणीचा काळ. कोळीवाड्यात तेवढ्यात जाळी दुरुस्त होतात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. सासूबाईंनी "पण तुला झालंय काय?" असं विचारल्यावर यातलं काहीही उपयोगी पडलं नाही.

अर्ज

रजेच्या अर्जात 'कारण' नावाचा रकाना असतो. तिथे खरं कारण लिहू नये. सत्तावीस वर्षं नोकरी झाल्यावर मी चार महिन्यांची बिनपगारी रजा मागितली आणि भाबडेपणाने त्या रकान्यात 'विश्रांती' असं लिहिलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं.

"मॅडम, घरी सगळं ठीक ना?"

"हो."

"मुलाची बारावी वगैरे?"

"मुलगा नोकरीला लागला."

"सासूबाई?"

"ठणठणीत."

साहेब खरंच अडचणीत आले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचंच काहीतरी लिहा ना. मणका लिहा. मणका कुणाला दिसत नाही."

शेवटी 'कौटुंबिक कारण' यावर तडजोड झाली. कुटुंबात मीही मोडते, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

दोष एकट्या साहेबांचा नाही, भाषेचाही आहे. मराठीत बाई कधी झोपत नाही. ती 'जरा पाठ टेकते', 'अंमळ आडवी होते', आणि पकडली गेलीच तर 'नुसता डोळा लागला होता' म्हणून जबानी देते. पुरुषांसाठी 'वामकुक्षी' हा खास संस्कृत परवाना काढलेला आहे. तो असला की घोरणंसुद्धा शास्त्रोक्त ठरतं. माझी आई दुपारी आडवी व्हायची तेव्हा हातात तांदूळ निवडायचं ताट असायचं. ताट पोटावर, एक बोट तांदळात. बेल वाजली की बोट आधी हलायचं आणि डोळे मागून उघडायचे. या तंत्राचा अभ्यास नवशिक्यांनी जरूर करावा.

पूर्वतयारी

चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी खायची नसतात, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, ती पोटभर खाऊन घेतात. रजेच्या आदल्या आठवड्यात ऑफिसची कांदेनवमी करावी. ज्या फायली तीन वर्षं कुणी मागितल्या नाहीत त्या हातावेगळ्या कराव्यात. मी तर स्टेपलरच्या पिनांचा हिशोबसुद्धा देऊन आले.

पहिला पंधरवडा

या टप्प्यावर बहुतेकांचं व्रत मोडतं, म्हणून थोडं विस्ताराने.

पंढरपूरला आषाढीच्या वारीत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. शेज नाही, शेजारती नाही. देव चोवीस तास दर्शनाला उभा. टेकायला म्हणून पाठीशी कापसाचा लोड देतात. पंचांगाप्रमाणे ज्या दिवशी देवाने झोपायचं, नेमक्या त्याच दिवशी त्याच्या दाराशी लाखो माणसं येऊन ठेपलेली असतात, आणि तोही बिचारा 'आज नको' म्हणत नाही. वारी पांगल्यावर प्रक्षाळपूजा होते. लोकांनी डोकी टेकवून टेकवून तुळतुळीत केलेल्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने न्हाऊ घालतात आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात. मग कुठे पलंग परत येतो.

तेव्हा आपल्याला पहिल्याच दिवशी पलंग मिळेल अशी अपेक्षा धरू नये. 'घरीच आहेस ना?' हे वाक्य आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत सहा मजले एका दुपारीत चढलं. तिसऱ्या दिवशी माझ्या चपलांच्या स्टँडवर चार बिऱ्हाडांची पार्सलं होती. एका खोक्यातून आंब्याच्या लोणच्याचं तेल झिरपत होतं आणि त्या खोक्याची मालकीण रात्री नऊला उगवणार होती. शिवाय गॅस सिलिंडरवाला, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा फिजिओथेरपिस्ट, नणंदेच्या मुलाचे अकरावी प्रवेशाचे फॉर्म. नवरा प्रेमाने म्हणाला, "तू घरी आहेस तर माळा आवरून टाकूया का?" यातला 'या' पुढे दिसला नाही.

उपाय एकच : लोड. दाराशी पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवावी आणि बसून सह्या कराव्यात. सोळाव्या दिवशी मी पायांना कोमट तेल चोळलं, आल्याचा काढा घेतला आणि दाराला आतून कडी घातली. बेल सात वेळा वाजली. जग चाललं. लोणचं समोरच्यांकडे गेलं.

वर्ज्य

योगवर्ग, मिलेट, परकी भाषा, 'स्वतःचा शोध'. या प्रत्येकाची लिंक मैत्रिणी पाठवतील. अंगठा दाखवावा, उघडू नये.

कूस

पोथ्या वाचणारेसुद्धा एक गोष्ट विसरतात. देव चार महिने सलग एकाच अंगावर झोपत नाहीत. भाद्रपद शुद्ध एकादशीला ते कूस बदलतात, म्हणून तिला परिवर्तिनी म्हणायचं. दोन महिन्यांत एवढीच हालचाल, आणि तेवढ्यासाठी पंचांगात स्वतंत्र एकादशी. तेव्हा 'मग, काय बदल झाला तुझ्यात?' असं कुणी श्रावणातच विचारू लागलं तर तिथी सांगावी.

माझी कूस अशी वळली. गौरी जाऊन दोन दिवस झाले होते. घर झोपलेलं. पाच-दहाला जाग येणं कधीच बंद झालं होतं, सात वाजत आले होते. मी एकटीपुरता चहा टाकला आणि साखर विसरले. लक्षात आलं तेव्हा अर्धा कप संपला होता आणि चहा बरा लागत होता. चहासारखा लागत होता. लग्नापासून आमच्याकडे एकच पातेलं, चौघांचा चहा आणि सासूबाईंच्या हिशोबाने साखर. मला गोड चहा आवडतो की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या फळीवरून लहान पातेलं काढलं. दोन पातेली बघून सासूबाई म्हणाल्या, "उपास आहे का गं?"

"हो, काल परिवर्तिनी होती."

"ती काल झाली. आज कसला?"

आज कसला याचं उत्तर शास्त्रात नाही. मी पातेलं विसळून ओट्यावरच ठेवलं, फळीवर नाही.

उद्यापन

२०२३ साली श्रावण अधिक आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्यामुळे देवांना पाच महिने मिळाले. मला वाढवून मिळाले नाहीत. प्रबोधिनी २३ नोव्हेंबरला आणि मी रुजू झाले १ तारखेला, देव गाढ झोपेत असताना. याला शास्त्राची मान्यता नाही, पण पगार सुरू झाला.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी मला नीट न्याहाळलं. सुकले नव्हते, पट्टा नव्हता, कुठे टाके दिसत नव्हते. 'नक्की काय झालं होतं?' हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलाटेबलांवरून फिरत राहिला. साडेतीनला चहावाला मुलगा किटली घेऊन आला. त्या किटलीत साखर आधीच पडलेली असते. मी म्हटलं, "उद्यापासून माझा बिनसाखरेचा आण."

त्याने माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांचा उलगडा त्याला एकदम झाला.

"मॅडम, शुगर निघाली का?"

मी हो म्हटलं. आजतागायत माझा कप वेगळा येतो, वेळेवर येतो आणि सोबत तो दोन मारी बिस्किटंही आणतो.