फाटकाच्या आतलं शून्य

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर नौकेच्या टाकीत डिझेल पडतं, तेव्हा तांडेलाच्या डोक्यात दोन हिशेब चालू असतात. एक आजच्या भावाचा आणि दुसरा सरकारकडे अडकलेल्या डिझेल परताव्याचा. तिसरा हिशेब त्याच्या डोक्यात नसतो आणि तो असावा अशी माझी अपेक्षाही नाही. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर डिझेलचं वजन किलोभरही नसतं. पण जळताना त्यातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि वजन वाढतं.

हा अडीच किलो कोणाच्या खात्यावर लिहायचा? तेल विकणाऱ्या कंपनीला विचारा. आमच्या नाही, असं ती म्हणते.

इंडियन ऑइलने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलं, की २०४६ पर्यंत आम्ही निव्वळ शून्य उत्सर्जनावर येऊ. भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांनी तर २०४० चीच तारीख दिली. आपल्या देशाने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत दिलेली तारीख आहे २०७०. म्हणजे ज्यांचा धंदाच तेलाचा, ते देशाच्या कितीतरी आधी पोहोचणार. हे कसं जमतं? मोजणी फाटकापाशी थांबवली की जमतं. कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला धूर धरायचा, विकत घेतलेल्या विजेमागचा धूर धरायचा आणि टँकर फाटकाबाहेर पडला की वही मिटायची. तेलामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात दहातले आठ-नऊ भाग ते तेल जळतानाचे असतात. ते गाडीवाल्याचे, ट्रकवाल्याचे, आमच्या तांडेलाचे. कंपनीच्या उद्दिष्टात ते नाहीत.

रत्नागिरीकराने हे नीट समजून घ्यायला हवं, कारण याच तीन कंपन्यांनी आपल्या जिल्ह्याच्या नावाने चौथी काढली. रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स, सप्टेंबर २०१७. निम्मा वाटा इंडियन ऑइलचा, पाव-पाव इतर दोघींचा. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक यांनी मिळून निम्मी भागीदारी घ्यायचं ठरवलं. जागा राजापूर तालुक्यातलं नाणार आणि आसपासची गावं. क्षमता वर्षाला ६ कोटी टन. आणि नाव काय फिरवलं? ग्रीन रिफायनरी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांना रंग दिलेत. २०१६ च्या वर्गवारीत प्रदूषणाचा निर्देशांक ६० किंवा त्याहून जास्त असला की रंग लाल होता. तेलशुद्धीकरण लाल रंगात बसतं. सरकारी मंडळ लाल म्हणतं आणि सरकारी कंपन्यांचा प्रकल्प हिरवा म्हणून गावोगावी सांगितला जातो. सड्यावरच्या माणसाने कोणत्या सरकारवर विश्वास ठेवायचा?

आता ६ कोटी टनांचा तिसरा हिशेब मांडतो. मूळ आराखड्यात त्यातले १ कोटी ८० लाख टन पेट्रोकेमिकल्सकडे जाणार होते. उरलेलं बहुतेक इंधन. एक टन तेल जळलं की सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड होतो. ढोबळमानाने वर्षाला १२ कोटी टन. त्यातला एक टनही कंपनीच्या शून्याला हलवू शकत नाही, कारण तो फाटकाबाहेर जळणार. रिफायनरी कितीही मोठी बांधा, शून्य जागच्या जागी. या मोजणीत एवढी एकच गोष्ट मला मान्य नाही आणि तीच सगळ्यात मोठी आहे.

भागीदारांची रीतही हीच. २५ जून २०१८ ला दिल्लीत या प्रकल्पाच्या करारावर ॲडनॉकतर्फे सही केली सुलतान अल जाबेर यांनी. तेच अल जाबेर २०२३ च्या अखेरीस दुबईतल्या जागतिक हवामान परिषदेचे अध्यक्ष होते. तिथे ५० तेल आणि वायू कंपन्यांनी एक सनद मान्य केली, ॲडनॉक आणि अरामको त्यात आहेत. २०५० पर्यंत आपापल्या कामकाजातलं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू, विहिरीवरचा मिथेन आवरू, वायू वाया जाळणं थांबवू. विकलेल्या तेलाचं काय, याबद्दल सनदेत बंधन नाही. अबुधाबी असो की दिल्ली, फाटक एकाच जागी बसवलेलं आहे.

कंपन्या काहीच करत नाहीत, असं मी म्हणणार नाही. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा कारखाना ऑगस्ट २०२२ पासून उभा आहे. पंपांवर चार्जिंगची सोय येते आहे. हे खरं काम आहे. गॅसच्या शेगडीने कोकणातल्या किती बायकांचे डोळे वाचवले, हेही मी विसरत नाही. 'आम्ही शुद्ध केलं नाही तर दुसरा कोणी करेल, गाड्या तर धावणारच,' हा त्यांचा युक्तिवादही पोकळ नाही. पण मग तेच म्हणा. आम्ही तेल विकत राहणार, देशाला ते लागतं, त्याचा धूर इतका, असा आकडा छापा. शून्य छापू नका.

कारण फाटकाबाहेर आम्ही राहतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय, की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळीची बाग पुन्हा उभी राहायला वर्षं जातात, भरपाई मिळाली तरी. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं आणि झाडावरचा हापूस मातीत गेला. मोहोर कधी येईल, किती टिकेल, हे आता बागायतदार छातीठोकपणे सांगत नाही. या नुकसानीला कुठल्याही अहवालात रकाना नाही.

नाणारची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, मग रिफायनरीसाठी त्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाला यंत्रं आली. बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. बारसूच्या कातळशिल्पांचं नाव वर्षभर आधीच युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं होतं. सड्याला बोअर मारून खालचा जांभा तपासता येतो, तसा कंपनीच्या वहीलाही बोअर मारायला हवा.

मार्ग अवघड नाही. सेबी मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांकडून दरवर्षी जबाबदारीचा अहवाल घेते. धुराड्याचा आणि विजेचा आकडा त्यात सक्तीचा आहे. विकलेला माल जळल्यावरचं उत्सर्जन ऐच्छिक भागात आहे. तेल कंपन्यांसाठी तो सक्तीचा करा, आणि २०४६ च्या उद्दिष्टात धरा. इंडियन ऑइलमध्ये निम्म्याहून जास्त मालकी केंद्र सरकारची, म्हणजे आपली. मालकाला वही बघायचा हक्क असतो. रत्नागिरीतून निवडून गेलेल्या खासदाराने संसदेत एवढा एकच प्रश्न विचारावा: २०४६ साली तुम्ही किती तेल विकत असाल, आणि ते जळून किती धूर होईल? उत्तर आकड्यात द्यावं.