चेतक कशी विकू नये: नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

हे मार्गदर्शन वडिलांची चेतक पदरात पडलेल्या होतकरू मालकांसाठी आहे. ती पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे, कव्हरवर मांजर आहे आणि घरात 'विकून टाका, नवी घ्या' हा विषय निघाला आहे, असे गृहीत धरले आहे.

'बाबांची आठवण' हा मुद्दा एकदाच चालतो, तो राखून ठेवा. आधी आकडे काढा. नव्या स्कूटरची शोरूमची किंमत धरू नका, ऑन-रोड धरा: रस्ताकर, विमा, 'ॲक्सेसरीज घ्याव्याच लागतात सर', वर हप्त्यांचे व्याज. मग विम्याचा घसारा दाखवा. पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, वर्ष भरेपर्यंत 15, पाचव्या वर्षी निम्मी किंमत गेली. हा तक्ता फ्रिजवर लावावा. आपली चेतक 1990 ची. तिला आता घसरायला जागाच उरलेली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे कोणी काढलेच तर खोकल्याचे निमित्त करून गॅलरीत जावे.

आपल्या बाजूचा हिशेब मात्र कधीही लिहू नये. सगळा अभ्यासक्रम या एका नियमावर उभा आहे. क्लच केबल, जेट, प्लग या रकमा खिशातून परस्पर द्याव्यात. 'इंजिन बोअरला आलंय' हे मेकॅनिकचे वाक्य गॅरेजच्या बाहेर पडता कामा नये. वहीत लिहिला तो खर्च, न लिहिलेली ती हौस.

मेकॅनिक साठीच्या पुढचाच पाहावा. तो आवाज ऐकून दुखणे सांगतो आणि 'पार्ट मिळत नाही आता, पण बघतो' म्हणतो. हे 'बघतो' पंधरवडाभर चालते. तेवढ्या काळात घरी 'सर्व्हिसिंगला दिलीय' एवढेच सांगावे.

चालू करण्याची रीत नीट शिकून घ्या. पेट्रोलचा कॉक उघडा, चोक ओढा, स्कूटर तिरकी करून क्षणभर धरा, सरळ करा आणि किक मारा. पहिल्याच किकला चालू झाली तर इकडेतिकडे पाहू नका. कोणी पाहत असले की होत नाही. नाही झाली तर पान्याने प्लग काढा. टोक काळे आणि ओले दिसले तर टू-टी ऑइल जास्त पडले आहे. लिटरला 20 मिली पुरे. अंदाजाने ओतणे वडिलांना शोभत होते, त्यांचा हात बसलेला होता. टोक पॉलिश पेपरने घासा, फुंकर मारा, प्लग परत बसवा. पुन्हा किक. धूर निघाला आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली की चालू झाली असे समजावे. टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही.

कागदपत्रे कंटाळवाणी, म्हणून थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग, त्यासोबत पर्यावरण कर. वीस वर्षांपुढच्या दुचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट 2025 मध्ये 2000 रुपये झाली. नवी नंबरप्लेट 450 रुपये, जीएसटी वेगळा. यांची बेरीज करू नये. का, ते वर सांगितलेच आहे.

इथपर्यंत आलात की शेजारचे काका विजेवरची नवी चेतक घेऊन येतील. नाव तेच, पण किक नाही, गिअर नाही, धूर नाही. काकू खिडकीतून हसतील. घरचे तुमच्याकडे बघतील. अशा वेळी काका बिल्डिंगच्या मीटरवर चार्जिंग करतात का, एवढेच विचारावे. विषय तिथून सोसायटीच्या मीटिंगकडे जातो आणि परत येत नाही.

हा मार्गदर्शक थापा मारायला शिकवतो, पण एका बाबतीत नाही. रोज कात्रज-हिंजवडी करायचे असेल, मागे मूल बसणार असेल, तर मुकाट्याने नवी घ्या. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीला दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस सक्तीचे आहे. जुन्या चेतकचे ब्रेक पावसात आधी विचार करतात, मग लागतात. तिला रविवारी, भाजीपुरती काढावी.

आणि हरलातच, विकायची वेळ आलीच, तर फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी आपल्या नावावरून उतरवल्याशिवाय किल्ली देऊ नका. नाहीतर नव्या मालकाची ई-चलाने तुमच्या मोबाइलवर येत राहतील, फोटोसकट. फोटोत तुमचीच चेतक लाल सिग्नल तोडून सुसाट निघालेली दिसेल. तुमच्याकडे असताना ती चढावर दुसऱ्या गिअरच्या वर गेलेली नसते.