बहिर्जीचा एक शब्द

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. पहिला तोंडात असतानाच मी तंजावरला भाचीच्या सासऱ्यांना फोन लावला. त्यांनी अभिनंदन केलं आणि हळूच म्हणाले, "तमिळला २००४ सालीच मिळाला. पण उशीर झाला म्हणून काय, पेढे गोडच असतात."

हे आमचे व्याही. मेल वीथीत घर, बँकेतून निवृत्त. घराणं भोसल्यांच्या मागोमाग तिकडे गेलं आणि सव्वातीनशे वर्षं तिथेच राहिलं. घरात अजून मराठी बोलतात. ती ऐकून पुण्यातला माणूस पहिल्यांदा "वा, छान!" म्हणतो आणि दुसऱ्या मिनिटाला दुरुस्ती करायला लागतो. मीही केली. "व्याहीबुवा, तुमच्या मराठीत तमिळ फार घुसलंय," असं मी त्यांना सांगितलं आणि लगेच "ॲक्च्युअली बेसिक प्रॉब्लेम तोच आहे" हेही म्हणालो.

दोन्ही घरं जवळ यावीत म्हणून भाचीनं दर रविवारी रात्री नऊ वाजता इंटरनेटवर एक खेळ सुरू केला. 'कोडनेम्स' त्याचं नाव. व्लादा ख्वातिल नावाच्या चेक माणसानं तो २०१५ साली काढला आणि दुसऱ्याच वर्षी त्याला जर्मनीतला मोठा पुरस्कार मिळाला. पडद्यावर पंचवीस शब्द असतात. त्यातले नऊ एका बाजूचे, आठ दुसरीचे, सात कुणाचेच नव्हेत आणि एक काळा. काळ्या शब्दावर बोट पडलं की तिथेच खेळ खलास. कोणता शब्द कुणाचा हे फक्त दोन्ही बाजूंच्या हेरप्रमुखांना दिसतं. हेरप्रमुखानं आपल्या माणसांना एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, बाकी तोंड बंद. आम्ही त्याला बहिर्जी म्हणायला लागलो. खऱ्या बहिर्जी नाईकांना आपल्या नावानं पुढे काय काय चालेल याची खबर लागली नसावी.

भाचीनं पंचवीसही शब्द मराठी घातले आणि बाजू मिसळल्या. मी बहिर्जी, माझ्याकडे व्याही, त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आई आणि त्या आजींना पडद्यावरचं वाचून दाखवणारा पणतू. समोर मेहुणे बहिर्जी आणि बाकीचं पुणं. मी मनात म्हटलं, भाषा तर एकच आहे, अडचण काय यायची?

पहिला शब्द दिला: "राग, दोन." माझे शब्द होते 'नाक' आणि 'मिरची'. व्याह्यांनी क्षणाचाही विलंब न लावता 'वीणा'वर बोट ठेवलं. ती मेहुण्यांची. त्यांचं काय चुकलं? त्यागराजांचं तिरुवैयारू त्यांच्या घरापासून तेरा-एक किलोमीटरवर. त्या गावात राग म्हटल्यावर कल्याणी आठवते, तोडी आठवते. राग म्हटल्यावर पहिल्यांदा नाक आठवायला पुण्यात जन्मावं लागतं.

मग मी सोपं काढलं: "पोळी, दोन." 'तवा' आणि 'डबा'. आजींनी 'गूळ' सांगितला. तो कुणाचाच नव्हता, पाळी गेली. मी समजावून सांगितलं की पोळी म्हणजे रोज डब्यात नेतात ती. तिकडे मात्र पोळी म्हणजे पुरण भरलेली, सणासुदीची. आजी थक्क झाल्या. "रोज पोळी?" त्या म्हणाल्या. "श्रीमंत आहात."

एव्हाना आम्ही बरेच मागे पडलो होतो. माझे 'गड', 'तलवार' आणि 'घोडा' उरले होते आणि तिन्ही एका फटक्यात येतील असा शब्द मला सुचला. मी टाइप करायला घेतलं, "शिवाजी, तीन".

"नुसतं शिवाजी?" मेहुणे कडाडले. "मुंबईच्या विमानतळाच्या नावातसुद्धा २०१८ साली महाराज आले. तू कोण लागून गेलास?"

मी म्हटलं, नियमाप्रमाणे शब्द एकच हवा. मेहुण्यांचं म्हणणं, नियम चेक माणसाचा, त्याला काय कळतंय. भाचीचं म्हणणं, दोन शब्द दिलेत तर पाळी बाद. शेवटी समासानं सुटका केली. 'छत्रपतीशिवाजीमहाराज' असं सलग लिहायचं ठरलं. त्यात वीस मिनिटं गेली. दरम्यान मेहुणे तलवार, गड, घोडा या तिन्हींचा उद्धार करून बसले होते. बहिर्जीनं बोलायचं नसतं हे त्यांना कुणी सांगायचं? पण तंजावरकडे तेव्हा आवाज बंद करून कॉफी चालली होती, म्हणून वाचलो.

कॉफी संपली. पणतवानं तो लांबलचक समास एकदा पाहिला आणि आजींच्या कानात सांगितलं, "शिवाजी, मूणु."

आजींनी डोळे मिटले, उघडले आणि 'सिनेमा'वर बोट ठेवलं.

सिनेमा काळा होता.

मेहुण्यांना जिंकल्याचा आनंदही घेता येईना. "सिनेमा? शिवाजी म्हटल्यावर सिनेमा?" आजी शांतपणे म्हणाल्या, "गणेशन." पणतू म्हणाला, "नाही, रजनी. २००७." व्याह्यांनी मग उलगडा केला. अण्णादुराईंच्या नाटकात गणेशन नावाच्या तमिळ मुलानं शिवाजी उभा केला आणि पेरियारांनी त्याला ते नावच देऊन टाकलं. आणि बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड बसच्या कंडक्टरकीतून रजनीकांत झाला. म्हणजे गणेशन होता तो शिवाजी झाला, शिवाजी होता तो रजनीकांत झाला. "आणि राजाच हवा असेल," ते पुढे म्हणाले, "तर आमचाही एक शिवाजी होता. १८५५ साली वारला, मुलगा नव्हता, कंपनीनं राज्य घेतलं. त्याच्याकडे गड कुठला? कावेरीचं सपाट खोरं हे. इथे उंच काय, तर राजराज चोळाचं देऊळ."

त्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर दुसऱ्या सर्फोजीनं १८०३ साली भोसल्यांची अख्खी बखर मराठीत कोरून घेतली आहे. एका शब्दात सांगा, असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं, हे आपलं नशीब.

"आमच्या सर्फोजी राजांनी नाटकही लिहिलंय," व्याही म्हणाले, "'देवेंद्र कुरवंजी'. मराठीत. त्यातली कुरवंजी सगळ्या जगाचा भूगोल सांगते. कुरवंजी म्हणजे हात बघून मनातलं ओळखणारी. तुमचं अवघड. तुम्ही हात दाखवत नाही, नुसता शब्द फेकता." मेहुण्यांनी या नाटकाचं नाव ऐकलेलं नव्हतं. मीही नव्हतं, पण मी मान डोलावली.

दुसऱ्या डावात आजी बहिर्जी झाल्या. त्यांनी "आंबट, चार" दिला. व्याह्यांनी आणि पणतवानं चारही बरोबर काढले. मी फक्त 'चिंच' ओळखली होती, आणि तीही सांबारात आमसुलाऐवजी चिंच घालायची शक्कल तंजावरच्याच राजवाड्यात निघाली ही दंतकथा ऐकून होतो म्हणून.

मेहुण्यांनी आता खेळ सोडलाय. त्यांच्या मते तिकडच्यांना मराठी नीट येत नाही. त्यामुळे पुण्याच्या बाजूला एक जागा रिकामी आहे. रविवारी रात्री नऊ वाजता. इच्छुकांनी कळवावं, मराठी येत असेल तरी चालेल.