थकबाकीदाराचं बार्सिलोनाला पत्र

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
एफसी बार्सिलोना, स्पेन.

विषय : कर्जबाजारी असूनही थाटात कसे राहावे, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

महोदय,

2021 च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष लापोर्तांनी जाहीर केलं, की क्लबवर 135 कोटी युरोंचं देणं आहे. तेव्हाच्या भावानं साडेअकरा हजार कोटी रुपयांच्या वर. आमच्या सातबाऱ्यावर दोन लाखांचा बोजा असला, तरी सोयरिकीला आलेले पाहुणे आधी मोबाइलवर तो उघडून बघतात. तुमच्याकडे मेस्सी रडत गेला खरा, पण पुढच्याच उन्हाळ्यात लेवांडोव्स्की आला, राफिन्या आला, कुंदे आला. ही किमया आम्हालाही शिकवावी.

तुमचा पहिला डाव ओळखीचा वाटला. सभासदांची मंजुरी घेऊन गोल्डमन सॅक्सकडून 59.5 कोटी युरो उचलले आणि जुनी देणी वळती केली. याला आम्ही नवं-जुनं करणं म्हणतो. 31 मार्च जवळ आला की गडी चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने घेतो, सोसायटीत भरतो, सचिव पावती फाडतो आणि एप्रिलात तेवढंच पीककर्ज पुन्हा हातात पडतं. कर्ज बिनव्याजी राहतं. त्या चार दिवसांचं व्याज मात्र पैसे देणारा रोख मोजून घेतो.

दुसरा डाव त्याहून भारी. 2022 मध्ये लीगच्या टीव्ही हक्कांच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा 25 वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट या कंपनीला विकलात. आमच्याकडे टीव्ही हक्क नाहीत, जमीन आहे. बेडसे लेण्यांच्या पायथ्यापासून पवना धरणापर्यंत गुंठ्या-गुंठ्यानं ती जाते. दारात फॉर्च्युनर उभी राहते आणि काही वर्षांनी जुना मालक त्याच फार्महाऊसच्या फाटकावर वॉचमन दिसतो. तुमचे हक्क मुदत संपली की परत येतील. आमचा गुंठा काही परत येत नाही.

क्लबच्या स्टुडिओचा 49 टक्के हिस्सा 20 कोटी युरोंना विकल्याचं दाखवलंत, पुढे घेणाऱ्यांचेच हप्ते थकले. आमचा सचिव इतका धीट नाही.

क्लब बुडाला तर आधी कोण बुडतं, हेही आम्ही वाचून आहोत. 2010 मध्ये इंग्लंडचा पोर्ट्समथ क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. तिथल्या नियमानं खेळाडूंचं आणि दुसऱ्या क्लबांचं देणं आधी, तेही पुरतं चुकतं करायचं. उरलेल्यांना पौंडामागे 20 पेन्स द्यायचं ठरलं. त्या उरलेल्यांत सामन्यांना प्रथमोपचार करणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सही होती. तरी क्लब वाचला, कारण 2013 मध्ये चाहत्यांनी पदरचे पैसे घालून तो विकत घेतला.

आमच्या पुण्यात कर्ज मुरायलाही कुणी वेळ दिला नाही. पिरामलांचा पुणे एफसी 2007 मध्ये निघाला, 2015 मध्ये आवरला. कल्याणींचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये गेला. एफसी पुणे सिटीच्या मालकांनी 2019 मध्ये हात वर केले आणि संघाची जागा हैदराबादला गेली. चारही ठिकाणी मालकाचा खिसा हाच क्लबचा ताळेबंद होता. बालेवाडीत गळा फाटेपर्यंत ओरडणाऱ्या पोरांना कुणी विचारलंही नाही, कारण ती प्रेक्षक होती, सभासद नव्हती.

तुमच्याकडे लाखाहून अधिक सभासद आहेत आणि क्लब त्यांचा आहे. एवढं कर्ज पचलं ते त्यांच्या जिवावर, तुमच्या हिशेबाच्या करामतींवर नव्हे. तेव्हा डावपेच राहू द्या, सभासद नोंदणीचा कोरा फॉर्म तेवढा पाठवा. पुण्यात पुढचा क्लब काढणाऱ्या शेठजींना तो देऊ आणि सांगू, की तिकिटाबरोबर एक मतही द्या. क्लब बुडवलात, तर आमसभेत जाब तरी विचारता येईल.

आपला नम्र,
बेडसे येथील एक थकबाकीदार
(ता. मावळ, जि. पुणे)