ब्रासभर माती

खडी, वाळू, मुरूम किंवा माती विकत घ्यायला गेलं की आधी लक्षात येतं, ते हे, की दुकानात माल नाहीच. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर, आणि खिडकीच्या कट्ट्यावर प्रसादाच्या पुड्या मांडाव्यात तसे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले नमुने. आपण एकेक पिशवी उचलून जाणत्या माणसासारखी बोटांनी दाबून बघतो. 20 एमएमची खडी आणि 10 एमएमची खडी यांतला फरक डोळ्यांना कळतो, पण मनाला दोन्ही सारख्याच अनोळखी. मग आपण चाचरत विचारतो, ‘‘घरकामाला यातलं काय चांगलं?’’ त्यावर समोरचा गृहस्थ शांतपणे म्हणतो, ‘‘तुम्हाला नेमकं करायचंय काय?’’ इतका मूलभूत प्रश्न कित्येक वर्षांत आपल्याला कोणी विचारलेला नसतो.

त्यानंतरचा प्रश्न, ‘‘किती ब्रास टाकू?’’ एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 20 फूट लांब, 10 फूट रुंद अंगणात सहा इंच मुरूम पसरायचा म्हटलं, तर उत्तर बरोब्बर एक ब्रास येतं, आणि शाळेतल्या गणिताच्या बाई आठवून ऊर भरून येतो. पण पाणी मारून वर धुम्मस पडू लागली की मुरूम दबत जातो आणि आणखी पाव ब्रास मागतो, हे बाईंच्या पुस्तकात नव्हतं. बागेतली पायवाट तर त्याहून अवघड. 3 फूट रुंद, 25 फूट लांब, 2 इंच जाड. हिशोब साडेबारा घनफुटांचा, म्हणजे ब्रासचा आठवा हिस्सा. हे फोनवर सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता पसरते. मग एखाद्या हट्टी मुलाला समजवावं त्या सुरात उत्तर येतं, ‘‘साहेब, गाडीला डिझेल तर सारखंच लागतं.’’

वाळूचं गणित निराळंच. कोरड्या वाळूला 5 टक्क्यांच्या आसपास ओल लागली, की कणाकणाभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून अंतर राखून बसतात आणि तीच वाळू 20-25 टक्क्यांनी फुगते. पूर्ण भिजवा, ती पुन्हा मूळ मापावर येते. थोडं मिळालं की फुगायचं आणि पुष्कळ मिळालं की जाग्यावर यायचं. माणसांच्या बाबतीत यातला पूर्वार्धच तेवढा खरा ठरतो. वाळूत गाळ किती, हे बघायचीही एक घरगुती तऱ्हा आहे. काचेच्या ग्लासात वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ढवळून ठेवायचं. काही तासांनी वाळू तळाशी बसते आणि गाळाचा थर तिच्यावर. तो 8 टक्क्यांहून जास्त दिसला तर वाळू धुऊन घ्यायची. असा ग्लास स्वयंपाकघराच्या ओट्यावर असला की पाहुणे त्याबद्दल काही विचारत नाहीत. फक्त ‘पाणी नको’ म्हणतात.

आता मुळात नदीची वाळू दिसते कुठे! नद्यांचे तळ इतके खरवडले गेले, की 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला पर्यावरण परवानगीशिवाय होणाऱ्या वाळूउपशावर बंदी घालावी लागली. हल्ली दारात येते ती क्रश सँड, आपल्याच काळ्या दगडाचा चुरा. गवंडी तिच्यावर खूश असतात. नदीने घासून गोल केलेल्या कणांपेक्षा हिचे कोनदार कण एकमेकांना घट्ट धरतात म्हणे. असेलही. पण तिच्यात शिंपले नसतात. आमच्या लहानपणी गल्लीत कुणाचं बांधकाम निघालं, की मालक ढीग ब्रासात मोजायचा आणि आम्ही बोगद्यांत. दोघांनी दोन बाजूंनी खांद्यापर्यंत हात घालून खणत जायचं. आत, गार अंधारात, केव्हातरी अचानक समोरच्याची ओली बोटं लागायची आणि दोघेही किंचाळायचो. त्यानंतर मी पुष्कळांशी हस्तांदोलन केलं; तसा दचका कुठल्याच हाताने दिला नाही.

खडीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. हा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा होऊन दख्खनभर पसरला, थंडावला, थरावर थर चढवत डोंगर झाला, मग सुरुंगाने सुटला, क्रशरमधून गेला आणि ‘‘चारपर्यंत टाकतो’’ असं सांगून संध्याकाळी सातला आला. एवढ्या प्रवासात तीन तासांचा उशीर म्हणजे काहीच नव्हे. मी तसं चालकाला सांगितलंही. ‘‘बायपासला ट्रॅफिक होतं, काका,’’ तो म्हणाला.

मातीची गोष्ट वेगळी. ती विकत घेताना आतून कुठेतरी ओशाळायला होतं. आजी असती तर ‘‘माती? विकत?’’ एवढंच म्हणाली असती आणि पदर सावरून आत गेली असती. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तांबडीतून पाण्याचा निचरा चांगला होतो, म्हणून कुंड्यांना तांबडी, शेणखत मिसळून. एवढं शहाणपण मिळवून ब्रासभर तांबडी माती टाकून घेतली. तिच्यात एक हिरवी बांगडीची काच निघाली. पहिल्या पावसानंतर तिने आमच्या गुलाबांकडे ढुंकूनही न बघता घोळ उगवला, तांदुळजा उगवला, थोडा केना, आणि कडेने न बोलावता आलेला लव्हाळा. कुठल्यातरी बांधावरची सगळी वस्ती मुक्कामाला आली होती. हिने लव्हाळा उपटला, घोळाची मुगाची डाळ घालून भाजी केली आणि गुलाबांना म्हणाली, ‘‘तुम्ही थांबा जरा.’’

कुंड्या भरल्या, वाफा भरला, तरी फाटकाशी ढीग उरलाच. मांजराने तो ताब्यात घेतला, चिमण्यांनी त्यात धूळस्नानं केली, आणि दिवाळीची सुट्टी लागताच शेजारची मुलं घमेलं घेऊन उभी राहिली. ‘‘काका, माती देता?’’ मी उदारपणे क्रश सँडही देऊ केली. ‘‘ती नको,’’ त्यांतली सर्वांत लहान म्हणाली, ‘‘तिचा तट ढासळतो. मातीच द्या.’’ किती, म्हणून विचारलं. तिने क्षणभरही हिशोब केला नाही. ‘‘तीन घमेली. पद्मावती आणि सुवेळा झाल्यात, संजीवनी माचीला कमी पडतेय.’’