राहू दे, लागेल कधीतरी

ज्याच्या हातून जगाचा उद्धार व्हायचा आहे, त्याच्या झोळीत या घडीला सात लोखंडी शिरस्त्राणं, कोबीचे नऊ गड्डे, चीजची चार अख्खी चाकं आणि दोन बादल्या आहेत. बादल्या कशाला, आणि त्याही दोन कशाला, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. विचारलंच असतं तर ‘राहू दे, लागेल कधीतरी’ एवढंच उत्तर आलं असतं. हे वर्णन कुणाच्या आत्याबाईंच्या माळ्याचं नाही, 11 नोव्हेंबर 2011 रोजी बाजारात आलेल्या ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेमच्या महानायकाचं आहे. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला हा पाचवा गेम. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने तो तेव्हापासून इतक्या यंत्रांवर, इतक्या आवृत्त्यांतून पुन्हा पुन्हा विकला, की 2018 साली तिने स्वतःचीच टिंगल म्हणून अलेक्सावर नुसतं बोलून खेळायची आवृत्ती जाहीर केली आणि ती टिंगल खरोखर खेळायलाही उपलब्ध करून दिली. कागदोपत्री या नायकाचं पद ‘ड्रॅगनबॉर्न’ असं आहे, म्हणजे देह माणसाचा आणि आत्मा ड्रॅगनचा. माझं म्हणणं असं, की आत्मा कुणाचाही असो, धंद्याने हा गृहस्थ भंगारवाला आहे. हे मी हिणवून म्हणत नाही. उलट भंगारवाला असण्यातच या गेमचा प्राण आहे; ड्रॅगन हे फार तर घराबाहेर पडायचं निमित्त.

पुरावा म्हणून पहिल्याच ठळक कामगिरीकडे पाहा. तिचं नाव ‘गोल्डन क्लॉ’, सोन्याचा पंजा. रिव्हरवूड नावाच्या चार घरांच्या गावात लुकन व्हॅलेरियस हा दुकानदार आणि त्याची बहीण कॅमिला यांचं भांडण चाललेलं असताना आपण दारात उभे राहतो. दुकानात चोरी झालेली आहे. चोरांनी काय नेलं? फक्त एक वस्तू: ड्रॅगनच्या पंजाच्या आकाराचा, भरीव सोन्याचा एक शोभेचा नग. बाकी फळ्यांवरचे बटाटे, कढया, बाटल्या सगळं जागच्या जागी. या संपूर्ण कथेत आपल्याला नेमकं काय हवं आहे हे ठाऊक असलेला एकमेव माणूस म्हणजे हा चोर, आर्व्हेल. एक नग, वजनाला हलका, किमतीला भारी. उचलला आणि गेला. नायक मात्र ‘पंजा आणून देतो’ असं लुकनला सांगतो आणि गाव ओलांडायच्या आत कुणाच्या तरी परसातले कोबी उपटतो. कॅमिला बिचारी पुलापर्यंत वाट दाखवायला येते आणि समोरच्या डोंगरावरच्या ब्लीक फॉल्स बॅरोकडे बोट करते. तेवढ्यात हा फुलपाखरं पकडत असतो. पकडून पंख खातो. गंमत म्हणून नव्हे: स्कायरिममध्ये औषधी जिन्नस तोंडात टाकला की त्याचा पहिला गुण कळतो, त्यामुळे आयुर्वेदाचं शिक्षण थेट चाखूनच सुरू होतं.

बॅरो म्हणजे जुन्या नॉर्ड जमातीच्या सरदारांचं भलंमोठं थडगं. आत शिरल्यावर एक दरोडेखोर बंद जाळीच्या दारापुढे उभा दिसतो. शेजारी तीन फिरते खांब, खांबांवर प्राण्यांची चित्रं. तो सरळ कळ ओढतो आणि भिंतीतून सुटलेल्या बाणांनी जागच्या जागी आडवा होतो. कोड्याचं उत्तर त्याच खोलीत लावून ठेवलेलं आहे: साप, साप, मासा. दोन चित्रं वरच्या बाजूला भिंतीवर, मधलं तेवढं खाली निखळून पडलेलं. म्हणजे त्याने मान वर करून आणि मग खाली घालून पाहिलं असतं, तरी वाचला असता. (मासा म्हणजे देवमासा, पण घाईत कोण प्राणिशास्त्र बघतो.) इथे जो खेळाडू आधी कोडं सोडवतो आणि मग मेलेल्याचे खिसे तपासतो, तो मी अजून पाहायचा आहे. क्रम नेमका उलटा असतो, आणि माझा सगळा मुद्दा या क्रमावरच उभा आहे. पुढे एका खोलीत छताएवढ्या कोळ्याच्या जाळ्यात आर्व्हेल लटकलेला सापडतो. पंजा त्याच्याच जवळ आहे. कोळी मारून जाळं तोडलं, की तो आभार न मानता पळ काढतो आणि आतल्या जिवंत प्रेतांच्या, म्हणजे ड्रॉगरांच्या, नाहीतर सापळ्यांच्या तडाख्यात सापडून मरतो. नेमकेपणाचं फळ हे असं. आपण मात्र मागे राहिलेलो असतो, कारण कोळ्याची अंडी गोळा करायची राहिली होती.

आता जरा हिशेब. खेळात प्रत्येक वस्तूला वजन आहे आणि किंमतही आहे. नायकाला सुरुवातीला 300 एकक वजन पेलतं. हे एकक किलो की पौंड ते कुणी सांगत नाही, आणि तीनशे किलो धरून डोंगर चढणाऱ्याला ते विचारायची कुणाची छाती नाही. लोखंडी शिरस्त्राणाचं वजन 5, किंमत 60. लोखंडी चिलखत 30 वजनाचं, किंमत 125. ड्रॉगर मारल्यावर मिळणारी जुनाट दुधारी तलवार वजनाला 18, किमतीला अवघी 35. चौथीतल्या मुलालाही दिसेल की शिरस्त्राणात दर एककामागे बारा मोहरा सुटतात, चिलखतात चारच्या आसपास, आणि तलवारीत दोनच्याही खाली. म्हणून जाणता खेळाडू मेलेल्याचं डोकं तेवढं उघडं करतो आणि पुढे सरकतो. शंभर गाळ्यांच्या बाजारात पितळ वेगळं, तांबं वेगळं आणि पत्रा वेगळा काढणाऱ्या माणसाची ही नजर आहे, योद्ध्याची नव्हे. योद्धा तलवारीची धार पाहतो, हा किलोमागचा भाव पाहतो.

आणि मग 300 भरतात. 301व्या एककाला पडद्यावर सूचना येते की ओझं फार झालं, आता पळता येणार नाही. नकाशावर बोट ठेवून क्षणात दूरच्या गावी पोहोचायची सोयही बंद. जगाचा तारणहार लग्नाहून परतणाऱ्या वऱ्हाडासारखा पाय ओढत चालू लागतो. या खेळातला खरा संघर्ष इथे सुरू होतो, कारण काहीतरी टाकावं लागणार आणि टाकवत तर नाही. मार्ग एकच उरतो: खाणं. सामानाची यादी उघडली की काळ थांबतो. समोरच्या ड्रॉगरची कुऱ्हाड हवेत अडकून राहते आणि नायक चारही चीजची चाकं ओळीने संपवतो. ओझं आठाने उतरतं, जखमाही थोड्या भरतात. आपल्याकडच्या वाचकाला इथे बकासुर आठवणार. पाठीवर राक्षसाचे गुद्दे पडत असताना गाडाभर अन्न शांतपणे चापणारा भीम हा या नायकाचा सख्खा पूर्वजच म्हणायला हवा. फरक इतकाच, की बकासुर मारून झाल्यावर भीमाने गाड्याची चाकं काढून विकायला नेली नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा दोष खेळाचा नाही, खेळणाऱ्याचा आहे, कोबी उचल असं कुणी सांगितलं होतं? सांगितलं नव्हतं, मान्य. पण ज्या जगात प्रत्येक चमच्याला वजन आणि भाव लावून ठेवलाय, तिथे आणखी सांगायचं काय उरतं? इतर अनेक खेळांत पिंप म्हणजे पिंपाचं चित्र असतं. इथे ते उघडतं आणि आत दोन बटाटे असतात. खेळाची सुरुवात आठवा. नायकाचे हात बांधलेले, मान ओंडक्यावर टेकवलेली. इतक्यात ड्रॅगन येतो, हेल्गन गाव पेटतं, आणि एक सोबती आपल्याला ओढत किल्ल्यात नेतो. बाहेर साक्षात जगबुडी गर्जना करतेय, सोबती दारापाशी ‘चल, चल’ म्हणून घाई करतोय, आणि आपण कोठारातली पिंपं एकेक करून उघडतोय. पिंपात काही ठेवणाऱ्यांना हे होणार हे ठाऊक नव्हतं, असं मला तरी पटत नाही. कुणी म्हणतं, ही सुरुवातीच्या गरिबीची सवय, पुढे सुटते. सुटत नाही. व्हाइटरन शहरात 5000 मोहरांचं घर घेतल्यावरही माणूस थडग्यातल्या रांजणात हात घालतोच, वर घरात तळ नसलेली पेटी मिळते. कितीही कोंबा, भरतच नाही. हजारो मैल तुडवून आणलेलं सामान तिथे एकदा गेलं की पुन्हा कधी बाहेर येत नाही. ही सोय कुणा जादूगाराने नव्हे, मध्यमवर्गीय माणसाने शोधलेली असणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘वीरकथा’ ही उदात्त गोष्ट, तिला असं तराजूत घालू नये, असं म्हणणारे टोल्कीनचं नाव घेतात. घेऊ द्या. त्याच्याच 1937च्या ‘द हॉबिट’मध्ये नायक बिल्बोला मुळात घरफोड्या म्हणूनच कामावर ठेवलं होतं, रीतसर करारपत्र करून. खजिना मिळाल्यावर मात्र त्याने दोन लहान पेट्या घेतल्या, एका दणकट तट्टाला झेपतील तेवढ्या. बिल्बो सभ्य होता, हे मी नाकारत नाही. पण आजच्या खेळांचं कूळ पुस्तकांइतकंच 1974 सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’शीही जुळतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या त्या खेळात सामानाचं वजनच मुळी सोन्याच्या नाण्यांत मोजायचे, आणि भुयारातून बाहेर काढून आणलेल्या धनावर नायकाचा अनुभव वाढायचा. पुन्हा वाचा: शौर्यावर गुण होतेच, पण त्यांचा मोठा हिस्सा मालाच्या वाहतुकीवर होता. या घराण्याच्या मूळपुरुषालाच हमाली मिळालेली असताना पणतूने दोन बादल्या उचलल्या तर बिघडलं कुठे?

थडग्याचा शेवट पाहण्यासारखा आहे. एका लांब दालनाच्या टोकाला तीन गोल कड्यांचं दगडी दार, आणि त्यावर योग्य चित्रं जुळवून मध्ये पंजा बसवायचा. अस्वल, पतंग, घुबड. हा संकेत कुठे लपवला आहे? पंजाच्या तळव्यावर कोरलेला आहे. किल्लीवरच पासवर्ड. घरच्या लोकांनी एटीएम कार्डाच्या पाठीमागे पेनाने आकडे लिहून ठेवावेत, तसं प्राचीन नॉर्ड पुरोहितांनी करून ठेवलंय. काही जाणकार समर्थन करतात, की हे दार बाहेरच्यांना अडवायला नसून आतल्या प्रेतांना कोंडायला आहे. असेल, पण मग किल्ली सोन्याची कशाला केली? आत शब्दांची भिंत आहे, तिथे नायकाला ड्रॅगनभाषेतला पहिला शब्द मिळतो, ‘फुस’, आणि त्याच्या बळावर पुढे शत्रूला नुसत्या आरोळीने धडपडायला लावता येतं. हा कथेतला दैवी साक्षात्काराचा क्षण. तेवढ्यात मागे शवपेटी फुटते, महाबली ड्रॉगर उठतो, मरतो, आणि ज्याने नुकताच देवांचा शब्द ऐकला तो माणूस वाकून त्याची झडती घेऊ लागतो.

परतीचा प्रवास लुकनच्या दुकानापाशी संपतो. पंजा देणं बाजूला, आधी विक्री. नवख्या नायकाला कुठल्याही मालाची जेमतेम एक तृतीयांश किंमत मिळते, आणि लुकनसारख्या दुकानदाराच्या गल्ल्यात मुळात 750 मोहराच असतात. गल्ला आटला, की नायक बाहेर जाऊन उभा राहतो, कारण गल्ला दोन दिवसांनी पुन्हा भरतो. अठ्ठेचाळीस तास, एका जागी, न बोलता. तिकडे जग गिळायला आलेला आल्डुइन, ज्याला त्या देशात जगभक्षक म्हणतात, तोही थांबतो. व्हाइटरनच्या यार्लला, म्हणजे तिथल्या सरदाराला, ड्रॅगनची बातमी पोहोचवायची आहे, तोही थांबतो. विरोधक म्हणतील, प्रलयाला घड्याळ लावलं असतं तर खेळ खेळताच आला नसता. बरोबर आहे. पण मग या जगात घड्याळ चालतंय ते दुकानदाराच्या गल्ल्याचं आणि प्रलय मात्र तारखेवर तारीख घेतोय, हे तरी मान्य करा. पुढे पहिला ड्रॅगन पडतो, त्याचा आत्मा लखलखत नायकात शिरतो, शिपाई तोंडात बोटं घालतात. नायक सांगाड्याजवळ जातो: ड्रॅगनचं हाड, वजन 15, किंमत 500. आयुष्यात पहिल्यांदाच बरा माल हाताला लागलाय आणि झोळीत कोबी. बक्षीस म्हणून यार्ल त्याला लिडिया नावाची अंगरक्षक देतो. तिला काही उचलायला सांगितलं, की ती ‘तुमची ओझी वाहायची शपथ घेतली आहे’ असं ऐकवते, अशा सुरात की शपथ घालणाऱ्याला लाज वाटावी. या गेममध्ये नायकाला खऱ्या अर्थाने ओळखणारी माणसं दोनच: एक लुकन, दुसरी ही.

राहिला पंजा. तो हातात घेऊन लुकन खूश होतो, बक्षीस मोजतो आणि पंजा गल्ल्याशेजारी काउंटरवर उघडा ठेवून देतो. त्यावर नजर टेकवली की लाल अक्षरांत ‘चोरा’ असा पर्याय उमटतो. आता खेळात चोरी धरली जाते ती कुणी पाहिली तरच. आणि दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली तर त्याला दिसत नाही, ही युक्ती गेम आला तेव्हापासून प्रसिद्ध आहे. बादलीखालून लुकन अवाक्षर काढत नाही. तीच दुसरी बादली कॅमिलासाठी.