तीन गुण आणि एक पिशवी

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या आमच्या सोसायटीत भाजीच्या पिशवीवरून घर ओळखता येत नाही. सगळ्या पिशव्या एकाच घरून वाटलेल्या. ‘दोन दिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र’ अशी अक्षरं, खाली कुठल्यातरी कॉलेजचं बोधचिन्ह आणि वरून डोकावणारी मेथीची जुडी. समोरच्या ब्लॉकमधले मारवाडी शेठ कापड मार्केटातले. ते मजकुराकडे बघतसुद्धा नाहीत, पिशवी दोन बोटांत चोळतात. “सर, ये तो नॉनवोवन है. पिछले साल कॅन्व्हास मिला था. मंदी है क्या?”

सर म्हणजे आमचे शेजारी. मूळचे अमळनेरकडचे, इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. गावाला वर्षातून एकदा जातात, परिषदांना सात-आठदा. बॅग घेऊन जिना उतरताना दिसले की मी विचारतो, “राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय?” विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली त्यांना तोंडपाठ. राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर तीन गुण, देशातच पण आंतरराष्ट्रीय असेल तर पाच, परदेशात सात. “काठमांडूचा एक पाहुणा पडद्यावर दिसला ना भाऊ, की आपलं खानदेशातलं चर्चासत्र तीनावरून पाचावर जातं. नेपाळचे उपकार आहेत.”

“परिषद पदरात पाडून घ्यावी लागते” हे त्यांचं लाडकं वाक्य. पाडून घेण्याची त्यांची रीतही ठरलेली. नोंदणीच्या टेबलाशी पहिला नंबर, कारण उशिरा येणाऱ्यांना पॅड मिळतं पण पेन मिळत नाही. बसायचं तिसऱ्या रांगेत, बाजूच्या दाराजवळ. चहा आला की कळतं. खिशात दोन सेफ्टी पिना, एक डोकेदुखीची गोळी आणि काडेपेटी. बिडी-सिगारेट शिवत नाहीत. काडेपेटी दीपप्रज्वलनासाठी. समई, तेल, वात, हार, प्रतिमा, सगळं जमवून आयोजक हमखास काडेपेटी विसरतात. कुलगुरू हात पुढे करून उभे, प्राचार्य इकडेतिकडे बघतायत, आणि तिसऱ्या रांगेतून सर शांतपणे उठतात. मग पंखा बंद करा, वात जरा पुढे ओढा, हेही तेच सांगतात. दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोत डाव्या कडेला एक हात दिसतो. “हा मी,” सर कात्रण दाखवतात. वहिनींनी ती कात्रणं एका फायलीत लावली आहेत. अशा चौदा हातांची फाईल मी स्वतः पाहिली आहे.

निबंध मात्र त्यांचा एकच. सुरतेचं १९०७चं काँग्रेस अधिवेशन. नावं बदलतात. कधी ‘एक चिकित्सा’, कधी ‘एक पुनर्विचार’, एकदा तर ‘पादत्राणाचे समाजशास्त्र’. अध्यक्षपदी रासबिहारी घोष, व्यासपीठावर टिळक हाताची घडी घालून उभे, बोलू देत नाहीत म्हणून हटायला तयार नाहीत, आणि मंडपातून भिरभिरत आलेला तो जोडा आधी सुरेंद्रनाथांना आणि मग फिरोजशहा मेहतांना लागला. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्यानं लिहून ठेवलंय की जोडा मराठी वळणाचा होता, तांबूस चामड्याचा, पुढून टोकदार. इथे सर थांबतात आणि सभागृहाकडे असं बघतात, की समोरच्यांना आपापल्या चपला पायात आहेत ना ते चाचपावंसं वाटतं. वेळ संपल्याची घंटा झाली की ते हाताची घडी घालतात आणि टिळकांसारखे उभे राहतात. “थोडक्यात सांगतो,” म्हणून पुढे बारा मिनिटं. एका अध्यक्षांनी शेवटी हात जोडले, “सर, यंदा तरी तो जोडा खाली पडू द्या.”

घरी परतले की वहिनी दारातच अहिराणीत विचारतात, “काय लई उनात?” सर पिशवी पुढे करतात. शेठ गॅलरीतून ओरडतात, “सर, क्या भाव मिला?” सर तीन बोटं दाखवतात. शेठ प्रदर्शनाला गेले की ऑर्डरी घेऊन येतात. दोन दिवस खर्चून तीन, हा हिशेब त्यांना अजून जुळलेला नाही.

मलाही जुळला नव्हता. गेल्या वर्षी आमच्या धाकटीचा पहिला निबंध होता जळगावकडे, म्हणून मीही सोबत गेलो. विषय, साड्यांना घरबसल्या लेस-टिकल्या लावणाऱ्या बायका. वेळ दुपारची, जेवणानंतरची. जेवणात श्रीखंड-पुरी. सभागृहात उरले होते अध्यक्ष, माइकवाला मुलगा, पुढचे तीन वाचक आणि मी. पोरीचा आवाज पहिल्याच परिच्छेदात बसला. तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. हातात श्रीखंडाची वाटी घेऊन सर आत आले, आणि तिसरी रांग सोडून पहिल्या रांगेत बसले. निबंध कसाबसा संपला. सरांनी हात वर केला. माझ्या पोटात गोळा. आता १९०७ येणार.

“एका साडीमागे किती मिळतात, बाळा?” एवढंच विचारलं.

ती कागद खाली ठेवून बोलायला लागली. दोरा कुणाचा, पुडा कोण आणतं, डाग पडला की पैसे कुणाचे कापतात, सगळं. हे काम तिच्या आईनं सात वर्षं केलंय. आमच्या दारातले टिकल्यांचे पुडे सरांनी रोज ओलांडलेत. अध्यक्षांनी घंटा वाजवली तर सरच म्हणाले, “बोलू द्या हो!”

परतीच्या गाडीत मी आभार मानायला तोंड उघडलं, तर ते प्रमाणपत्र डोळ्यांजवळ धरून बसलेले. “आडनावात पुन्हा वेलांटी चुकली,” म्हणाले, आणि नंदुरबार येईपर्यंत त्याच विषयावर बोलत राहिले.

सोसायटीत शिरताच शेठनी धाकटीची पिशवी चोळून पाहिली. “अरे, ये तो ज्यूट है! इसमें सब्जी मत लाना, बेटा.”

“का नाही?” सर जिन्यातून म्हणाले. “कोथिंबिरीला ज्यूटच चांगली.”